गोजाबाईची हद्द

“मी चोर न्हाई, सायेब. येवढं शाबीत करून द्या.”

चिंचवड स्टेशनजवळच्या त्या लहानशा खोलीत गोजाबाई खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. उद्धवराव खासगी तपासाची कामं घेत, आणि पोलिसातून निवृत्त झालेला भिमाजी त्यांच्या सोबतीला असे. बाईंचा ताठ कणा पाहून भिमाजीच आधी उठून उभा राहिला.

साल सत्तावन्न. कूळकायद्याची नवी तरतूद नुकतीच लागू झाली होती. जमीन कसणारं कूळ आता तिचं मालक होणार होतं. नवरा सोनबा वारल्यापासून पवनेकाठचं दौलतरावांचं रान गोजाबाई एकटीनं कसत होत्या. मामलेदारांपुढची चौकशी परवावर आली होती. आणि नेमका आताच हा आळ आला होता.

मंगळवारी गाव लग्नाला पिंपळे गुरवला गेला होता. परत येऊन बघतात तर दोन रानांमधला हद्दीचा दगड दौलतरावांच्या घरखेडीत, ते स्वतः कसत त्या रानात, घुसलेला!

“मालक म्हनत्यात, मीच सरकवला. फौजदाराकडं जानार हायेत.”

“मग अजून का नाही गेले? कोणी अडवलंय?”

“धाकले दीर हायेत, ज्योतीराम. म्हनले, ‘वैनी, मामलेदारापुढं, रान दीर कसतो असा जबाब दे. मालकाला मी गप करतो.’ मी म्हनलं, जीव गेला तरी खोटं बोलनार न्हाई.”

तासाभरात तिघंही शिवारात पोचली. सरकवलेला दगड जिथं रोवला होता, तिथं उद्धवरावांच्या बुटाखाली मुरूम करकरला. जुना खड्डा मात्र गोजाबाईंच्या कांद्याच्या कडेला होता. मंगळवारी सकाळी पाणी दिलेल्या काळ्या मातीत दगड ओढल्याची खोल चरी उमटली होती, आणि चरीलगत बैलांची पावलं.

“बैलांनी ओढलाय,” भिमाजी म्हणाला. “पण बैल तर घरोघर आहेत.”

“पावलांच्या कडेला बारीक टिंबं दिसतात का?”

“खडे टोचले असतील, साहेब.”

उद्धवराव टिंबांमधलं अंतर बोटानं मोजत होते.

दौलतराव गोठ्यापुढे बैल घासत होते. रागानं त्यांचा आवाज चढला. “सरकार जमीन घेतंय ते घेवो. पर वर चोरी? पणजापासनं चालत आलेली जमीन हाय ही!”

“आणि पणजोबांना कुणी दिली?”

“देतंय कोन? बाभळीचं रान तोडलं, धोंडे येचले, मग वाहिली.”

“म्हणजे घामानं मिळवली.”

उद्धवरावांनी वाकून बैलाचा पाय उचलला, उघड्या खुरावरून बोट फिरवलं. “हे कधी गाडीला जुंपता?”

“छ्या! माझे न् बाईचे, दोघांचे बी बैल रानातलेच.”

विकत घ्यायचेत की काय, असं भिमाजीला वाटून गेलं.

ज्योतीराम भेटला मुंबई रस्त्यावर. पिंपरीच्या नव्या कारखान्याला विटा वाहून नेत होता. डांबरावर बैलांची पावलं टणटण वाजत होती.

“लग्नाला होतात ना?”

“व्हतो की. जेवून लगेच निघालो, विटांची खेप ऱ्हायली व्हती.” त्यानं हळहळत मान हलवली. “वैनीचं चुकलंच. पर आपलंच मानूस. त्यात ती बळकावलेली पट्टी सोन्यासारखी, ऊस घ्या म्हनते. मोह पडनारच की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्धवरावांनी सगळ्यांना बांधावर बोलावलं.

“ओल्या मातीतली ती टिंबं खिळ्यांची आहेत,” ते म्हणाले. “बैल नाल ठोकलेले होते. दौलतरावांच्या बैलांची खुरं मी पाहिली, उघडी आहेत. गोजाबाईंच्या बैलांचीही तशीच. नाल ठोकतात डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या बैलांना. आणि मंगळवारी जेवण उरकून लग्नातून लवकर कोण निघालं?”

ज्योतीराम उसळला. “गाडीवाले काय कमी हायेत व्हय?”

“नाहीत. पण चोरलेली पट्टी नुसता मुरूम आहे. इथं कुसळसुद्धा उगवत नाही. गोजाबाईंना हे ठाऊक आहे, दौलतरावांना ठाऊक आहे. जमीन चोरायची म्हणून ही पट्टी दोघांपैकी कुणीही निवडणार नाही. यात ऊस दिसला तो फक्त तुम्हाला. या रानाला कधी हात लावलाच नाही, तर दिसणार कसा मुरूम? तुम्हाला पट्टी नकोच होती. वहिनीवर आळ आणायचा, मग त्यातून सोडवायचं, आणि बदल्यात जबाब मिळवायचा. जबाब मिळाला की कूळ तुम्ही, मालकही तुम्हीच.”

“भावाचं रान हाय!” ज्योतीराम ओरडला. “रक्ताचा हक्क हाय माजा!”

गोजाबाई दोन पावलं पुढं आल्या. “तुमचे भाऊ गेले तवा पाट फुटलेला व्हता, निम्मं रान हराळीनं खाल्लेलं. भावजी, तवा रक्त कुटं व्हतं?”

ज्योतीरामनं मान खाली घातली. मग दौलतरावांनी डोईचं पागोटं काढून दगडाजवळ ठेवलं, धोतर खोचलं आणि पहार उचलली. गोजाबाईंनी दुसरी बाजू धरली. भिमाजीनं खांदा लावला. दगड जुन्या जागी गेला.

मामलेदारांनी दुसऱ्या दिवशी जमीनमालकाला विचारलं, “रान कोण कसतं?”

खोटं बोलले असते तर कदाचित जमीन वाचली असती. दौलतराव मोठ्यानं म्हणाले, “ही बाई. एकटी. माझ्या पणजानं जशी वाहिली, तशी.”

मामलेदार गोजाबाईंकडे वळले.

“जमीन विकत घ्यायला तयार आहात, बाई?”

“तयार हाय.”

कारकुनानं लेखणी टेकवली. “कैलासवासी सोनबा यांची पत्नी...”

“थांबा, भाऊ.” गोजाबाईंचा हात टेबलावर पडला. भेगाळलेला, पाटाच्या चिखलानं नखं काळी झालेला हात. “त्यांचं नाव मागनं येऊ द्या. आदी गोजाबाई लिवा.”

कारकुनानं मामलेदारांकडे पाहिलं. मामलेदार म्हणाले, “बाई सांगतात तसं लिहा.”