गुंडूची हसवणारी चाल

वात जरा वर कर, म्हणजे सांगते.

त्या दिवशी मी विरजण मागायला शेजारी धोंडुबाईकडं गेले होते. दिवस मावळायला आला होता. कोल्हापुरात टीव्ही नवा नवा, त्यामुळं तिच्या सोप्यात सगळी गल्ली दाटीवाटीनं बसलेली. विनोदी मालिका लागली, सुरुवातीची चाल वाजली आणि वाटी माझ्या हातातच राहिली.

ती आमच्या गुंडूची चाल होती.

गुंडू माझा धाकटा दीर. घरचाच बँड आमचा. माझे मालक ट्रम्पेट वाजवायचे, गुंडू सॅक्सोफोन. कुठल्याशा विलायती तबकडीवरून त्यानं ती चाल उचललेली. अंगणातनं पळत सुटलेल्या कोंबडीसारखी चाल! वरातीत वाजली की म्हातारी माणसंसुद्धा धोतर सावरत हसायची. तीच वाजवताना एकदा गुंडूचा श्वास अडकला. डोळे फिरले, पाय झाडायला लागला. लोकांना वाटलं, सोंग करतोय. त्याचा जीव जाईपर्यंत लोक हसत होते.

टीव्हीतसुद्धा चालीमागं माणसं हसत होती...

"तुझा ज्ञानूबी आजच्या वरातीत हीच वाजवणार की गं!" धोंडुबाई म्हणाली. "नवरीकडच्यांनी हट्टच धरलाय, टीव्हीची चाल पायजे म्हणून."

ज्ञानू माझा एकुलता एक. गुंडूचाच सॅक्सोफोन आता तो वाजवायचा. आमच्यात वाजवणारा गेला, की त्याच्या वाद्याची फुंकायची तोंडी राखेबरोबर पंचगंगेत सोडतात. तिच्यात त्याचा श्वास राहतो म्हणून. मग माझं पोरगं फुंकतंय कशातनं?

घरी आले. मालकांचे गुडघे धरलेले, म्हणून ते वरातीला गेले नव्हते. दारात बसून ट्रम्पेट पुसत होते.

"गुंडूची तोंडी नदीत सोडली न्हवं?"

"व्हय... सोडली की."

"मग ज्ञानूच्या सॅक्सोफोनला कुठली हाय?"

"नवी हाय."

"कुठनं आणली?"

फडकं फिरतच राहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "अगं, विलायती माल त्यो... पाण्यात टाकवतोय व्हय?"

मी तशीच पळाले.

वरात रंकाळ्याच्या वळणावर होती. रॉकेलचा वास, चेंगरलेला मोगरा, आणि ती चाल... जलद, आणखी जलद. मधोमध ज्ञानू. गाल टम्म फुगलेले, ओठ निळे. बोटं मात्र पळत होती, जणू त्याची नव्हतीच. भोवती लोक पोट धरून हसत होते.

"थांबवा रे त्याला!"

"मावशी, सरका की बाजूला! आत्ता कुठं रंगात आलंय पोरगं!"

"अवो, त्याला श्वास घ्यायला येईना..."

त्यावर आणखीच हशा पिकला. मी घुसले आणि सॅक्सोफोन हिसकावला. तोंडी ओठांना चिकटलेली. निघाली तेव्हा रक्त आलं. चाल थांबली. ज्ञानू रस्त्यावरच कोसळला. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडात पाण्याचे थेंब सोडले. हळूहळू निळेपणा गेला. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं.

"वैनी..." तो हळूच म्हणाला, "निम्मी चाल राहिली की वो."

तोंडी मी माझ्या हातानं पंचगंगेत सोडली. ज्ञानू आता वाद्याला शिवत नाही. कामाला जातो, चार घास जेवतो, हसतो-बोलतो, सगळं ठीक आहे.

फक्त त्या संध्याकाळपासून त्यानं मला 'आई' म्हणून हाक मारलेली नाही.