हत्तीवरचा भार

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आदगोंडा पाटील हरिपूरच्या आपल्या जुन्या पेवात दोर धरून उतरले. साल एकोणीसशे सेहेचाळीस, उन्हाळा. पेवाच्या तोंडाशी दोर धरायला एकटा तात्याबा होता. बाकीचे गडी लांब चिंचेखाली उभे होते आणि त्यांतला एकही पुढे यायला राजी नव्हता.

पेव म्हणजे जमिनीत पुरलेला मोठा रांजणच. तोंड एका माणसापुरतं, आत खोलीएवढी जागा. सांगलीच्या बाजारातली हळद भाव येईतो अशा पेवांत राहते. वर शिळा आणि चिखलाचा लेप. आत हवा नसते म्हणून कीड लागत नाही. त्याच कारणाने पेव उघडलं की तोंड दिवसभर मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस सोडायचा नाही. आणि माणूस आत असेतो दोरावरचा गडी जागचा हलत नाही. हरिपुरात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

याच पेवात दोन वर्षांपूर्वी हरिबा गुदमरून मेला होता.

हरिबा पेवावरच्या गड्यांचा मुकादम. काळा, हाडकुळा, बोलायला तिखट. दुपारी काम थंडावलं की वखारीच्या ओट्यावर आदगोंडांचा आणि त्याचा बुद्धिबळाचा पट मांडला जाई. मालकाने गड्याबरोबर खेळावं हे गावाला खपलं होतं, कारण दुसरा कुणी आदगोंडांना पुरा पडत नव्हता. हरिबा पुरा पडायचा, आणि वर जिंकायचाही. त्याला साधी मात पसंत नसे. हत्तीने, वजिराने कुणीही मारतं, म्हणायचा. प्याद्याने राजा कोंडला तर ती खरी मात.

त्यांचा शेवटचा डाव अर्ध्यावर राहिला. चाल हरिबाची होती, म्हणजे पांढऱ्याची. आदगोंडांचा काळा राजा कोपऱ्यात, त्याच्या शेजारी हत्ती, समोर एक प्यादं. हत्तीच्या पुढ्यातल्या घरावर हरिबाचं एक प्यादं टपून होतं, पण त्या घरावर हत्तीचा पहारा होता. आदगोंडांना वाटत होतं, आपण सुखरूप आहोत. हरिबा बराच वेळ पटाकडे बघत बसला आणि हसला.

"मालक, तुमच्या हत्तीवर लय भार हाय."

"असू दे की. हत्ती भार उचलायलाच असतोय."

"एक काम असलं तर उचलंल. दोन हायत त्याला."

एवढं बोलून त्याने ते टपलेलं प्यादं उचललं आणि कनवटीला लावलं. दोघांत तसा रिवाजच होता. डाव मोडून उठायचं तर ज्याची चाल तो आपलं एक मोहरं घरी नेई. त्याच्यावाचून डाव पुढे जाऊ नये म्हणून.

मग त्याने दुसरा विषय काढला. पेवात हळदीखाली लपवलेली जोंधळ्याची पोती. रेशनिंगचे दिवस होते. जतकडून माणसं मूठभर दाण्यांसाठी सांगलीपर्यंत चालत येत होती. हरिबाने आवाज चढवला नाही. चार दिवसांत पोती बाहेर काढून वाटली नाहीत तर आपण कचेरीत जाऊन सांगू, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेला. गावाला जे ठाऊक होतं ते असं: पेव उघडलेलं होतं, कंदील सोडून पाहिल्याचं मालकांनी स्वतः सांगितलं, हरिबा उतरला. दोरावर तात्याबा होता. तेवढ्यात मालकांनी वखारीतून तात्याबाला हाक मारली. तात्याबा या घरी लहानपणापासून. मालकाची दुसरी हाक येऊ द्यायची नाही, हे त्याला आदगोंडांच्या वडिलांनी वेताच्या छडीने शिकवलं होतं. तो गेला आणि परत येईतो खाली सगळं शांत झालं होतं.

दैव, म्हणाले लोक. पेवावर शिळा बसली.

पट मात्र आदगोंडांनी वखारीत तसाच ठेवला. हरवलेल्या प्याद्याच्या जागी त्यांनी एक हळकुंड उभं केलं. हरिबाच्या कनवटीत प्यादं सापडलं नव्हतं. रोज दुपारी ते पटापुढे बसत आणि मेलेल्या माणसाची चाल शोधत. ती नाहीच, हे त्यांना स्वतःपुरतं सिद्ध करायचं होतं. त्याने उगाच फुशारकी मारली होती, एवढं ठरलं की त्यांना पट आवरता आला असता. दोन वर्षांत ते ठरलं नाही.

यंदा हळदीला भाव आला आणि पेव उघडावं लागलं. आदगोंडांनी सगळं नीट केलं. आदल्या दिवशीच शिळा काढली. सकाळी तीन वेळा कंदील सोडला, तिन्ही वेळा ज्योत हललीसुद्धा नाही. तरी गडी उतरेनात. एक जण म्हणाला, शिळा काढली तेव्हा आतून कुणी खाकरल्यागत झालं. आदगोंडा त्याला हसले. पण हसताना त्यांना कळत होतं की आता आपण उतरलो नाही, तर मालक का उतरला नाही याची चर्चा पारावर होणार, आणि तिथून ती मागे, दोन वर्षं मागे जाणार.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. त्या सकाळी पटावरचा पांढरा वजीर जागेवर नव्हता. तो थेट काळ्याच्या शेवटच्या ओळीत, हत्तीला खेटून उभा होता. फुकट मरायला. बायकोने, गुणमालाबाईंनी, केर काढताना धक्का दिला असणार. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, त्या पटाला मी दोन वर्षांत हात लावलेला नाही.

उतरण्यापूर्वी आदगोंडांनी तात्याबाला बजावलं.

"कुणीबी हाक मारली तरी जागचं हलायचं न्हाई."

"व्हय मालक." तात्याबाने दोराचा वेढा मनगटाला घेतला. मग म्हणाला, "तुमची सोडून."

"माजी कशी येईल? मी खाली हाय न्हवं?"

"ते बी खरंच की," तात्याबा म्हणाला.

खाली गारवा होता. पायांखाली हळकुंडं करकरली. कंदिलाच्या उजेडात भिंतींचं गवताचं अस्तर पिवळं दिसत होतं. वास हळदीचाच, पण त्याखाली दुसरा एक आंबूस वास. कुजलेल्या जोंधळ्याचा असावा. वर पाहिलं तर तोंडाएवढं आभाळ आणि त्यात तात्याबाचं डोकं. सगळं ठीक होतं. आदगोंडांनी वाकून मूठभर हळद उचलली, आणि मुठीत एक गुळगुळीत लाकूड आलं.

पांढरं प्यादं.

ते हातात धरून उभे असताना त्यांना चाल सापडली. इतकी सोपी की लाज वाटावी. वजीर शेवटच्या ओळीत हत्तीला खेटून द्यायचा. न मारावा तर तोच मात करतो. मारावा तर हत्तीला एक घर सरकावं लागतं. सरकला की त्याच्या पुढ्यातलं घर उघडं पडतं, आणि प्यादं एक पाऊल टाकतं. हत्तीला दोन कामं होती. एक करायला लावलं की दुसरं आपोआप सुटतं.

त्यांनी पुन्हा वर पाहिलं. तात्याबाच्या हातात दोर होता. एक काम.

"तात्याबा!"

ही हाक त्यांनी मारली नव्हती. ती वरून आली, वखारीच्या बाजूने, त्यांच्याच आवाजात. शेवटचं अक्षर जरासं ओढलेलं, ते ओढत तसंच.

"काडेपेटी आण रं."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी हेच मागितलं होतं. तेव्हा काडेपेटी त्यांच्या खिशात होती. तात्याबाला ती त्यांच्या सदऱ्यातून दिसली होती, आणि तो कधीच काही बोलला नव्हता. कंदील तर त्या दिवशी सोडलाच नव्हता.

"जाऊ नको," आदगोंडा ओरडले. "मी हितं हाय."

तात्याबाने एकदा खाली पाहिलं, एकदा वखारीकडे. त्याचा चेहरा त्यांना दिसला नाही.

"आलो मालक," तो म्हणाला.

आभाळ रिकामं झालं.

दोर वरून सुटून सळसळत त्यांच्या पायांवर पडला.

ते ओरडत राहिले.

कंदिलाची ज्योत लहान झाली. मग निळी.

मग नाही.

तात्याबाने नंतर सांगितलं ते एवढंच: वखारीत कुणी नव्हतं. गादीवर काडेपेटी होती, ती घेऊन तो परतला. चिंचेखालच्या गड्यांनीही मालकांची हाक ऐकली होती. मालक वर आले, असंच त्यांना वाटलं. मग सगळे धावले आणि नवा दोर बांधून आदगोंडांना बाहेर काढलं. श्वास चालू होता. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. बोटांच्या फटीतून दिसत होतं ते हळकुंड. पांढरं प्यादं वखारीत पटावर होतं, काळ्या राजापासून तिरकं एक घर. हत्ती बाजूला सरकलेला, वजीर पटाबाहेर.

बुद्धिबळात राजाला मारत नाहीत. त्याला जायला घर उरत नाही, एवढंच.

आदगोंडा जगले. त्यांचा आवाज गेला. मिरजेच्या डॉक्टरांना घशात काही दोष सापडला नाही. ती मूठ कुणाला उघडता आली नाही, त्यांना स्वतःलाही नाही. पेवावर पुन्हा शिळा बसवून लेप दिला. तरी सकाळी कधीमधी तात्याबा हातातलं काम टाकून, काडेपेटी घेऊन वखारीकडे जाताना दिसतो. मालक समोर ओट्यावर बसलेले असतात, तोंड मिटून. कुठं निघालास, असं कुणी विचारलं तर म्हणतो, "मालक बोलवत्यात."

काल हाक तात्याबाला नव्हती. गुणमालाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. लग्न झाल्यापासून आदगोंडांनी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. "ऐकलंस का गं," असंच म्हणायचे. काल सकाळी पेवाच्या बाजूने तेच शब्द आले, स्वच्छ, जरासे ओढलेले. गुणमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांनी तो आवाज त्यांच्या कानी पडत होता. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि त्या उठल्या.

आदगोंडा शेजारीच बसले होते. त्यांनी डाव्या हाताने बायकोचा पदर धरला.

अजून सोडलेला नाही. तात्याबा सकाळपासून अंगणात उभा आहे, त्याची मान वखारीकडे वळलेली. आदगोंडा एकदा त्याच्याकडे बघतात, एकदा बायकोकडे. एका मुठीत पदर आहे, दुसरी मिटलेली.

दुसरी हाक अजून आलेली नाही.