हळदकुंकवाचा कस्तूर

आषाढातल्या पहिल्या शुक्रवारी, चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांवर, तो गोदाला जवळजवळ धडकलाच. गळ्यात दुर्बीण, मान झाडांच्या शेंड्यांकडे. गोदा प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत, वाकून वर चढत होती. देवीचं दर्शन होईपर्यंत तिचं मौन असे.

"अय्यो, कुंकवावर पाय देशील," मागून तुंगामावशी म्हणाली. "वर काय बघायलास?"

"पक्षी, मावशी. तीन आहेत. एक बुलबुल, एक शिंपी... आणि तो गोड शीळ घालणारा कोण, तेच कळेना."

मावशीने लगेच कूळ विचारून घेतलं. कुवेंपुनगरचा वादिराज, शाळेत विज्ञान शिकवतो.

गोदाने हसून एक बोट वर केलं.

"एक? एकच पक्षी तिघांचे आवाज काढतो?"

तिने होकारार्थी मान हलवली आणि खाली, झुडपातल्या ओल्या पाचोळ्याकडे खूण केली. तो पुन्हा वरच बघू लागला. मग तिने ओल्या पायरीवर हळदीत चिमूटभर कुंकू कालवलं, नारिंगी डोकं काढलं. गालावर नखाने दोन उभ्या रेघा ओढल्या. खालचा काळा दगड दिसू लागला. पाठीचा रंग? तिने पावसाळी ढगाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात पाचोळा उडाला. तेच नारिंगी डोकं, पांढऱ्या गालावर त्याच दोन रेघा... पक्षी टुणकन दगडावर आला, बुलबुलासारखा बोलला, आणि मग त्याने ती लांब शीळ घातली.

"नारिंगी डोक्याचा कस्तूर," वादिराज कुजबुजला. कस्तूर उडून गेला, तरी त्याची नजर तिथेच — म्हणजे गोदावरच — राहिली.

पुढच्या शुक्रवारी तो दुर्बीण विसरून आला. गोदाचं हळदकुंकवाचं ताट मात्र त्यानेच धरलं.

"तुमचा आवाज कसा असेल हो? कोकिळेसारखा म्हटलं तर खोटं वाटेल. कावळ्यासारखा म्हटलं तर ताट डोक्यात घालाल."

गोदाने ओठ घट्ट मिटले. हसू डोळ्यांतून सांडलंच.

"घरी येऊन ऐक की," मावशी म्हणाली. "भांडायला लागली की आवाज खाली शहरात, मंडी मोहल्ल्यापर्यंत जातो."

शेवटच्या शुक्रवारी मात्र तो थट्टा न करता चढला. वर पोचल्यावर म्हणाला, "हुणसूरला बदली झाली. आजच निघायचंय. जाण्याआधी... आईला तुमच्याकडे पाठवू?"

गोदाने नुसती मान हलवली असती तर झालं असतं. पण जन्माची गोष्ट, देवीला सांगण्याआधी कशी कबूल करायची? तिने देवळाकडे बोट दाखवलं.

वादिराजने ते बोट पाहिलं, लांबलचक रांग पाहिली. "देवावर सोपवलंत... कळलं," तो हळूच म्हणाला, आणि ताट मावशीच्या हाती देऊन खाली जाणाऱ्या बसकडे वळला.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. गाभाऱ्यापुढे गोदाने एवढंच मागितलं — बस थांबू दे. तीर्थ घेतलं आणि ती धावत सुटली.

बस हलणारच होती. तिने खिडकीचा गज धरला. श्वास पुरेना.

"अहो... मंगळवारी पाठवा आईंना. सोमवारी माझा उपास असतो. पाहुणे आले, तर त्यांच्याबरोबर जेवता येत नाही."

वादिराजने तोंड उघडलं, मिटलं. एकही शब्द फुटेना. तसाच तो खाली उतरला, आणि बस त्याच्याशिवाय निघून गेली.

"बघा," धापा टाकत आलेली मावशी म्हणाली, "आता ह्याने मौन धरलं."