आईनं तिला घरी बोलावलं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण वाचून झाल्यावर 'छान रचलंय' असं म्हणू नका. हे मी रचलेलं नाही, माझ्या बाबतीत घडलंय. खरं तर अजून घडतंय.

आणि हो, यात मध्यरात्र नाही. वादळ नाही. लाइटही जात नाहीत. ती रविवारची दुपार होती, थंडीचे दिवस होते आणि खिडकीतून छान ऊन माझ्या टेबलावर येत होतं.

मी दातांच्या कवळ्या बनवायला शिकते. हसू नका, घरी सगळे हसून झालेत. साचे, मेण, प्लास्टर, एकेक दात बसवणं... फार नाजूक काम असतं. परदेशातल्या एका मोठ्या शहरात चांगलं कॉलेज मिळालं, पण हॉस्टेलला जागा नव्हती. मग कॉलेजनं एका कुटुंबात राहायची सोय करून दिली. म्हणजे त्यांच्या घरातली एक खोली, जेवण त्यांच्याच टेबलावर आणि नियमही त्यांचेच.

घरात दोघंच. काका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. बाई हॉस्पिटलच्या लाँड्रीत होत्या, त्यांना मी मावशी म्हणायला लागले. मुलं आपापल्या संसारात. माणसं चांगली होती, उगाच खोटं कशाला बोलू? नियम मात्र कडक. ओला टॉवेल खोलीत वाळत घालायचा नाही. बेसिनमध्ये एक केस दिसता कामा नये.

माझ्या खोलीत दोन खाटा होत्या.

"ही खिडकीकडची तुझी," मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "ती भिंतीकडची राहू दे."

"अजून कुणी येणार आहे का?"

"नाही. त्यावर बॅग तेवढी ठेवू नकोस."

कपाटाचंही तेच. निम्मं माझं आणि निम्मं रिकामं. मी माझे स्वेटर कोंबून कोंबून बसवायचे, पण त्या बाजूला हात लावायचा नाही. डोकं फिरायचं माझं. म्हणायला पूर्ण खोली दिली आणि वापरायला अर्धीच!

शनिवारी मावशी चादरी बदलायच्या. माझ्या खाटेची... आणि त्या खाटेचीही.

"मावशी, तिथं झोपतं कोण? कशाला उगाच धुता?"

"धूळ बसते," त्या म्हणाल्या.

बसत असेल. पण त्यांनी चादर ओढून काढली तेव्हा मी बघत होते. चादर मधोमध चुरगळली होती.

आणि उशीवर... डोक्याएवढा खळगा होता.

मी माझी समजूत घातली. म्हटलं, मी कॉलेजात गेल्यावर काका दुपारी पाठ टेकत असतील. म्हातारा माणूस, त्यांचंच घर, त्यात काय एवढं?

मग खोकला सुरू झाला.

मी संध्याकाळी टेबलाशी अभ्यासाला बसले की मागून यायचा. बारीक, दाबून धरलेला. दुसऱ्याच्या घरात राहणारं माणूस कसं कुणाला त्रास नको म्हणून तोंडावर हात धरून खोकतं... अगदी तसा.

मी वळायचे.

कुणी नसायचं.

शेजारच्या फ्लॅटमधून येत असेल, असं मी ठरवून टाकलं. तिथल्या भिंती म्हणजे नुसते पुठ्ठे. आणि खरं सांगू? मला त्या खोकल्याची सवय झाली. नवीन शहरात, ओळख ना पाळख, खोलीत कुणीतरी आहे असं वाटलं तर बरंच वाटायचं. तेव्हा वाटायचं, आता नाही वाटत.

आता माझ्या आईबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबा गेल्यापासून आई एकटी असते. घरातच पायाचं शिलाई मशीन आहे. पँटची चेन बदलणं, ड्रेस आखूड करणं, फाटलेलं सांधणं असली कामं करते. गिऱ्हाइकांसाठी दिवसभर दार सताड उघडं. आणि बोलायची तर इतकी हौस की विचारू नका. लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईलाही "या की एकदा घरी" म्हणेल. वरवरचं नाही हं, अगदी मनापासून. लोक "येऊ येऊ" म्हणतात आणि खाली पोचेपर्यंत विसरतात. येत कुणी नाही.

तर तो रविवार. दुपारी माझा आणि आईचा व्हिडिओ कॉल ठरलेला असायचा. मी फोन टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. मध्येच मावशींनी कपडे वाळत घालायला हाक मारली. "आई, आलेच गं," म्हणून मी बाल्कनीत गेले.

परत आले तर आई फोनवर हसत होती.

"काय गं, अशी कशी तू?" मला बघून म्हणाली. "खोलीत एवढी गोड मुलगी राहते आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस!"

"कुठली मुलगी?"

"ही काय..." आईनं बोट दाखवलं आणि थांबली. "उठून गेली वाटतं. तुझ्या मागच्या खाटेवर बसली होती की."

मी मागं पाहिलं.

रिकामी खाट होती. चादर आदल्याच दिवशी बदललेली. ऊन तिथपर्यंत पोचत नव्हतं.

"तू काय बोललीस तिच्याशी?" मी विचारलं.

"मीच बोलले, ती कुठे बोलते? लाजाळू आहे पोर, नुसती मान हलवते. खोकत होती, म्हटलं अंगावर काढू नकोस. घरची आठवण येते का विचारलं, तर डोळेच भरले गं तिचे. मला कसंतरीच झालं."

"मग?"

"मग काय? म्हटलं, ये आमच्याकडे. मी एकटीच असते. आपलंच घर समज. कधीही ये, विचारू पण नकोस."

आईची भाषा तिला कशी कळली, देव जाणे. पण 'ये' म्हटलेलं कळायला भाषा लागते कुठे?

मी खोली पालथी घातली. बाथरूम, पॅसेज, कपाटाच्या मागं. बाहेरच्या दाराची साखळी आतून लावलेली होती. आलं नव्हतं कुणी, गेलंही नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मीच विषय काढला. जमेल तेवढं हसत. "आमची आई ना, काहीही बोलते! म्हणे माझ्या खोलीत एक मुलगी बसली होती. तिच्याशी गप्पा मारल्या म्हणे."

मला वाटलं, दोघं विचारतील, 'कोण मुलगी?'

कुणी विचारलं नाही.

काकांनी चमचा खाली ठेवला. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मग म्हणाल्या...

"आई तिला काय म्हणाली?"

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"घरी ये म्हणाली," मी सांगितलं. "आपलंच घर समज म्हणाली."

मावशींनी तोंडावर हात ठेवला. काका ताट तसंच सोडून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"तुझ्या खूप आधी होती ती," मावशी म्हणाल्या. "तुझ्यासारखीच शिकायला आलेली. सुरुवातीला घरून फोन यायचे. मग बंद झाले. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. रविवारी दुपारभर त्या खाटेवर फोन हातात घेऊन बसायची. मग आजारी पडली. छातीत कफ भरला. मी काम करायचे त्याच हॉस्पिटलात नेलं. घरी कळवलं... न्यायला कुणी आलं नाही."

"मग?"

"मग काय, शेवटचं सगळं आम्हीच केलं."

"आणि त्याच खोलीत मला ठेवलंत?" मी ओरडलेच. पाहुणी वगैरे सगळं विसरून ओरडले. "मला सांगायचं तरी!"

"ती कुणाला काही करत नाही," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे विश्वासानं राहायला आलेली मुलगी. जायला तिला घर नाही. हाकलू कशी?"

काका पाठमोरेच बोलले. "इतक्या वर्षांत तिला कुणी ये म्हणालं नव्हतं."

मी उठले आणि तडक आईला फोन लावला. तिच्याकडे अजून दुपारच होती.

"आई, दार लाव!"

"दिवसाढवळ्या? मग गिऱ्हाइकं काय खिडकीतून येणार?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, आई घाबरली. बरं झालं, घाबरू दे.

पण तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे आईबापांनी टाकलीच का गं तिला?"

मी सांगतेय काय आणि ही ऐकतेय काय!

त्या दिवसापासून माझ्या खोलीतला खोकला थांबला.

मी मुद्दाम टेबलाशी बसून राहायचे. कान मागं लावून. काही नाही. खोली नुसती खोली झाली होती. पुढच्या शनिवारी मावशींनी त्या खाटेची चादर काढली. घातली तेव्हा होती तशीच... सपाट. उशीही फुगलेली. मावशी ती चादर छातीशी धरून उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या.

"आता सगळं कपाट वापर," म्हणाल्या.

मी नाही वापरलं.

माझा जीव आईत अडकला होता. रोज फोन करायचे. जेवलीस का, झोपलीस का, घरात काही आवाज येतात का... आई वैतागायची. "मला काय धाड भरलीय?" म्हणायची. आणि खरंच तिचं बरं चाललं होतं. चेहऱ्यावर तजेला आला होता. कामं भराभर उरकत होती. बाबा गेल्यापासून इतकी खुशीत मी तिला पाहिली नव्हती.

एका रविवारी ती फोनसमोर बसून शेंगा... नाही, बटणं निवडत होती. खोटं नको, जे पाहिलं तेच लिहिते. रंगारंगाची बटणं वेगळी करत होती. दोन्ही हात मला दिसत होते.

आणि मागं मशीन चालू होतं.

खडखडखडखड... थांबलं. धागा तुटल्याचा आवाज. पुन्हा खडखडखडखड...

"आई, मशीनवर कोण आहे?"

"कोण असणार? वाऱ्यानं होतं कधीकधी."

वाऱ्यानं! पायानं चालवायचं मशीन!

मी काही बोलायच्या आत आईनं फोन जरासा वळवला. मला मागची खोली दिसू नये म्हणून.

त्याच दिवशी मी तिकीट काढलं. सुट्टी लागल्या लागल्या घरी आले.

आईनं दारातच मिठी मारली. ठणठणीत होती. मी तिला चाचपून पाहिलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग बॅग ओढत माझ्या खोलीकडे निघाले, तर ती आडवी आली.

"तिथं नको. तू हॉलमध्ये सोफ्यावर झोप."

"आई, माझी खोली आहे ती!"

"हो गं, पण तू काय, चार दिवसांची पाहुणी."

सहज म्हणाली. सगळ्या आया म्हणतात तसं. पण मी बॅग तिथंच सोडली.

त्या खोलीचं दार लोटलेलं असतं. आई आत जाताना टकटक करते. स्वतःच्या घरात! आतून बारीक आवाजात तिचं बोलणं ऐकू येतं, मध्येच हसते. उत्तर देणारा आवाज मला कधी ऐकू आला नाही. फक्त मध्ये मध्ये ती थांबते... जेवढं समोरच्याचं बोलणं ऐकायला थांबावं लागतं, तेवढीच.

काल मी तिला धरून बसवलं.

"आई, तिला जा म्हणून सांग."

"मी बोलावलं आणि मीच घालवू? तोंड आहे का मला?"

"मग तू माझ्याबरोबर चल."

"आणि तिला एकटीला टाकून येऊ?"

मला रडू फुटलं. "आणि मी? मी नाही का तिकडे एकटी?"

आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. फार मायेनं फिरवला. म्हणाली, "तुला फोन करणारं माणूस आहे गं."



आज सकाळी अंघोळ करून बाहेर आले, तर माझी बॅग दारापाशी उभी होती. सगळे कपडे आत, चेन लावलेली, पासपोर्ट वरच्या कप्प्यात. माझं विमान परवाचं आहे. मी आईवर भडकलेच.

"एवढी नकोशी झालेय का तुला? दोन दिवस आधीच बॅग भरलीस?"

आई हातातली कात्री तशीच धरून बॅगेकडे बघत राहिली.

"मी नाही गं भरली," ती म्हणाली.

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. तिनं त्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग माझ्या अगदी जवळ आली, माझं मनगट घट्ट धरलं आणि कानात पुटपुटली, "तिकीट पुढं ढकलता येतं का बघ ना."

आता दुपार आहे. आई गिऱ्हाइकाशी बोलतेय, मी सोफ्यावर बसून हे टाइप करतेय. तिकीट मी मघाशीच पुढं ढकललं. पण आईला ते अजून सांगितलेलं नाही. त्या दारापलीकडे ऐकू जाईल, म्हणून या घरात ते तोंडानं बोलायची माझी हिंमत होत नाही.