एक वीत आखूड

"मागे व्हा! ती चावते!"

खोगीरवाली तबेल्याच्या दारातच थबकली. खांद्यावर दुरुस्त केलेलं खोगीर, हातात दोन लगाम, आणि समोर कान मागे पाडलेली एक तपकिरी घोडी. घोडीच्या पोटापाशी कोणीतरी ओणवं बसलं होतं. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज... आवाज तर चांगलाच ओळखीचा होता!

"मास्तर?" तिनं विचारलं.

तो गडबडीनं उठला आणि त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. "तुम्ही... ताई?"

दोन महिने दोघं फोनवर बोलत होते. तो घोडेस्वारीच्या शाळेत शिकवणारा, ती वडिलांच्या दुकानात खोगिरं शिवणारी. सामानाची ने-आण शाळेचा टेम्पो करायचा. आज नेमका टेम्पो बंद पडला, म्हणून ती स्वतः आली होती.

"ताई म्हणण्याइतकी मोठी दिसते का मी?"

"फोनवर कुठे काय दिसतं..." तो डोकं चोळत हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. हे तिनं पाहिलं, आणि पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडली.

मग तिचं लक्ष घोडीकडे गेलं आणि हसू विरलं. पुढच्या पायाच्या कोपराशी, जरा मागच्या बाजूला, तळहाताएवढी कातडी सोलून निघाली होती. लाल आणि ओली.

"तंग लागलाय मावशीला," मास्तर म्हणाला. घोडीचं नाव मावशी होतं. घाबरट मुलींना शाळेत पहिल्यांदा हिच्याच पाठीवर बसवत. "खोगीर हलू नये म्हणून पोटाखालून पट्टा आवळतो ना, त्याची कडी इथे घासली."

खुंटीवर तो तंग लटकत होता. काठाला दुहेरी टाके... तिचेच!

"डॉक्टर म्हणालेत, दोन आठवडे खोगीर नाही. दोन आठवडे झाले की शनिवारी ते पुन्हा येतील. तोवर भरलं तर ठीक. नाहीतर मालक तिला गाडी ओढायला देऊन टाकणार." त्यानं मावशीच्या मानेवर हात ठेवला. "या वयात..."

"पण माप तर तुम्हीच दिलं होतं! पाच वीत."

"पाचच होतं. दोनदा मोजलं मी."

"आणि मीही पाचच कापलं."

तिच्या दुकानात टेप असायची, पण ती फक्त गिऱ्हाइकांना दाखवायला. कामाची मापं सगळी हाताची, बाबांपासूनची रीत. मास्तरला तिनंच फोनवर ऐटीत सांगितलं होतं, "टेप कशाला, वितीनं मोजा!"

"हात दाखवा," ती म्हणाली.

त्यानं पंजा पसरला. तिनं आपला पंजा त्यावर ठेवला... आणि त्याची बोटं तिच्या बोटांच्या कितीतरी पुढे निघाली. पाच वितींमध्ये केवढा फरक! तंग तिच्या एका वितीनं आखूड झाला होता, म्हणून कड्या खाली, कोपराशी आल्या होत्या. हिशेब झाला तरी हात मात्र तसेच राहिले. मग मावशीनं तिची ओढणी चावली, आणि दोघं भानावर आले.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी येऊ लागली. कोमट मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, स्वच्छ फडक्यानं टिपायची, डॉक्टरांचं मलम लावायचं, माश्या हाकलायच्या. मास्तर मावशीला हातानंच फिरवायचा. पाचव्या दिवशी खपली धरली, सहाव्या दिवशी मावशीनं अंग घासून ती उडवली. त्या रात्री खोगीरवालीला जेवण गेलं नाही.

"घोडीची काळजी की मास्तरची?" बाबांनी विचारलं.

"बाबा!"

"मी आपलं विचारलं."

सातव्या दिवशी मास्तर मलमाची डबी बंद करता करता म्हणाला, "एक सांगायचंय... तंग आखूड आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. शेवटच्या भोकात कसाबसा बसला."

"मग परत का नाही पाठवलात?"

"तुम्ही म्हणाला होतात, माझं काम आजवर परत आलेलं नाही. म्हटलं, तुमचं मन मोडायला मीच कशाला..."

"माझं मन राखायला हिची कातडी सोललीत?" तिचे डोळे भरून आले. राग त्याचा होता, आणि त्याहून जास्त स्वतःच्या ऐटीचा.

नंतर तिनं त्याच्याशी अबोला धरला. यायची मात्र रोज. "मावशी, तुमच्या मास्तरांना सांगा, पाणी फार गरम आहे."

"मावशी, त्यांना सांगा, मी चुकलो."

"मावशी, हे कालच ऐकलंय म्हणावं."

"मावशी, मग आज नवीन काहीतरी सांगू का, विचारा..."

तिनं फडकं इतक्या जोरात पिळलं की पाणी त्याच्या बुटांवर उडालं. पण ते नवीन काय असेल, हा विचार घरी पोचेपर्यंत तिची पाठ सोडत नव्हता.

शनिवार उजाडला. जखमेवर नवी, गुलाबी कातडी आली होती. मालक हाताची घडी घालून उभे. डॉक्टर म्हणाले, "खोगीर चढवा. पाच फेऱ्या मारा. मग बघू."

खोगीरवालीनं नवा तंग आणला होता, मऊ लोकरीचं अस्तर लावलेला. मास्तरनं आधी खराऱ्यानं घामाचा, मातीचा कणन् कण काढला. तंग एकदम आवळला नाही. एक भोक, थोडं चालवलं, मग दुसरं.

"पाय!" ती न राहवून ओरडली. अबोला तिथेच संपला.

"ओढतोय हो!" त्यानं मावशीचे पुढचे पाय एकेक करून पुढे ताणले, म्हणजे पट्ट्याखाली कातडीची घडी राहू नये. "आता दोन बोटं आत जातात का बघा."

"कोणाची बोटं?" ती पुटपुटली. तेवढ्या काळजीतही तो हसला.

पाच फेऱ्या. तिनं कठडा इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी पडली. हे जनावर गाडीला जुंपलं गेलं असतं तर तिला जन्मभर सुई धरवली नसती. मास्तर उतरला. खोगीर निघालं. डॉक्टर वाकले, जागा दाबली, पुन्हा दाबली... मावशीनं शेपटीसुद्धा हलवली नाही.

"कोरडी आहे," डॉक्टर म्हणाले. "महिनाभर हळूहळू काम द्या. अस्तर रोज धुवायचं."

मालक मान डोलावून निघून गेले. खोगीरवाली मावशीच्या मानेत तोंड लपवून रडली, आणि मावशीनं चक्क चावलं नाही.

"हा किती वितींचा?" मास्तरनं जवळ येऊन तंग हातात घेतला.

"टेपनं मोजलाय!" तिनं डोळे पुसले. "तुमच्या पाच. माझ्या सहा."

"आणि..." तो अडखळला, कानापर्यंत लाल झाला. "...आपल्या?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग तंग कठड्यावर सरळ पसरला. त्यानं आपली वीत ठेवली. त्याच्या करंगळीला अंगठा टेकवून तिनं आपली. मग त्याची, मग तिची... शेवटची वीत अर्धीच मावली, तिथे दोघांचे हात एकमेकांवर आले आणि कोणीच काढला नाही.

"साडेपाच," ती हळूच म्हणाली. "पण पुन्हा ताई म्हणालात, तर मावशीला चावायला सांगेन."