चहाच्या रंगाचं तळं

देवराईखालचं तळं यंदाही चहासारखं तांबूस झालं होतं आणि मासे तोंडं वर काढून धापा टाकत होते. नयनाच्या आईनं तळ्यात रोहू सोडले होते. घर त्यांच्यावरच चालायचं.

"मासं मेलं तर काय करायचं गं?" म्हणत आई काठावर मटकन बसली.

पाणी तपासणारा जुना यंत्रमानव पाणक्या कुरकुरत आला. "दरवर्षी तेच सांगतो, कुणी ऐकत नाही," तो म्हणाला. "तू तरी विचार."

"मातीनं तांबडं झालंय का?" नयनानं विचारलं.

"ही कालची बाटली बघ. गाळ खाली बसला, पण रंग गेला का?"

रंग तसाच होता.

"हा विरघळलेला कार्बन (पानं, मुळं कुजून पाण्यात उतरलेला अंश). तो पूर्वीही यायचा, पण बेताबेतानं. आता हवा तापली, पानं लवकर कुजतात. पाऊसही आठवडाभराचा एका दुपारी कोसळतो. मातीला उसंतच नाही, सगळं धुऊन तळ्यात. मग जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे जीव) त्यावर ताव मारतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. शिवाय ते कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेत जातो, हवा आणखी तापते."

"आणि पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच. म्हणून तर दमलोय."

नयनाची नजर काठावरच्या ढिगाकडे गेली. जत्रेआधी अख्खी वाडी देवराई लख्ख झाडायची आणि पाचोळा इथं लोटायची. आता उघड्या उतारावरून पाणी सुसाट येत होतं आणि ढिगातून तांबडा काढा गळत होता.

"आई, हा चहा आपणच केलाय!"

"मग देवाचं अंगण झाडायचं न्हाई व्हय?"

"देवापुढचं झाडू. बाकीचा पाचोळा झाडांखाली परत नेऊ. पावसाचा मार तो झेलेल."

"त्यानं जगाची हवा थंड होणार नाही," पाणक्या म्हणाला, "तळ्याला उसंत मिळेल. तोवर मी पाणी घुसळतो, म्हणजे हवा मिसळेल." तो कमरेइतक्या पाण्यात उतरला.

आईनं उसासा टाकून पाटी उचलली. चढ दमवणारा होता. दोघी संध्याकाळपर्यंत खेपा घालत राहिल्या. वर आलेली तोंडं हळूहळू कमी झाली. आईनं डोळे पुसले.

"पुढच्या वर्षी पाणी नितळ होईल?" नयनानं विचारलं.

"चहा जरा फिका होईल," पाणक्या म्हणाला आणि पाणी घुसळत राहिला.