खिडकीजवळचा बाक

बालसंरक्षण विभागात मला अकरा वर्षं झाली. कोणत्या मुलाला घरातूनच धोका आहे हे ओळखायचं, हे माझं काम. त्यासाठी शाळेत जायचं, एकेका मुलाशी वेगळं बसून बोलायचं. शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, "वर्गात तुला कुणाची काळजी वाटते?"

त्या दिवशी तिसरीतली पहिलीच मुलगी म्हणाली, "खिडकीजवळच्या बाकावरच्या मुलीची. तिचा हात भाजलाय."

दुसऱ्यानं तेच सांगितलं. मग आणखी एकीनं. मधल्या सुट्टीपर्यंत अठरा जण झाले. निळा स्वेटर. डावा हात, मनगटापासून कोपरापर्यंत. "आईनं कढत पाणी ओतलं," एकजण म्हणाला आणि नखं खात बसला.

मी वर्गात गेले. खिडकीजवळचा बाक रिकामा होता.

"तिथं कुणीच बसत नाही," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "एकानं काही म्हटलं की बाकीचे त्याची री ओढतात."

"पण मी प्रत्येकाशी वेगळं बोललेय, बाई."

त्यांनी हजेरीपट पुढे केला. अशी मुलगी नव्हती.

साहेबांनी माझा अहवाल परत दिला. "नाव नाही, पत्ता नाही. पोरांनी तुम्हाला चांगलंच बनवलंय!" मीही हसले. पण जिवाला चैन पडेना. घरी भांडी घासताना गरम पाण्याच्या नळाला हात लावायचं धाडस होईना.

सोमवारी बाईंचा फोन आला. आवाज दबका होता.

"नवीन मुलगी आलीये. पुढे बस म्हटलं, तर सरळ खिडकीजवळ जाऊन बसली."

"स्वेटर?"

"निळा."

मी तडक शाळेत पोचले. मुलीला वाचनालयात बोलावलं, हळूच बाही वर केली. हात स्वच्छ होता. साधा ओरखडाही नव्हता.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर घरी गेले. दोन खोल्या. सामानाची खोकी भिंतीशी रचलेली, दोऱ्याही न सोडलेल्या. बाहेर काढलेलं होतं ते एकच पातेलं, गॅसवर ठेवलेलं.

आईनं माझं ओळखपत्र नीट वाचलं. बसायला खुर्ची दिली.

मी कशासाठी आले, ते मला सांगता येईना. मुलगी माझ्या ओढणीचं टोक धरून उभी होती.

आई हसली. अगदी समजूतदारपणे.

"लवकर आलात, ताई," ती म्हणाली. "अजून तर काहीच झालेलं नाही."